पोर्चमधला काउंटर

कराडजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरी करते. रोज सकाळी रहिमतपूरहून पॅसेंजरनं येते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाते. मुख्य ग्रंथपालांची जागा बरीच वर्षं रिकामी आहे, त्यामुळे कारभार थेट प्राचार्यांकडे. आणि प्राचार्यांना इतर शंभर कामं असल्यामुळे, खरं सांगायचं तर, कारभार ज्याचा त्याच्याकडे.

आमचे तीन काउंटर होते. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला देवघेव, म्हणजे पुस्तकं द्यायची-घ्यायची ती जागा. तिथं एक निवृत्त फौजी बसायचे. सैन्यात त्यांनी पूल बांधायचं काम केलेलं, त्यामुळे सगळं कॉलेज त्यांना मेजर म्हणायचं, हुद्दा काहीही असो. जिना चढून वर गेलं की संदर्भ विभाग, म्हणजे मी. कोशांची, तक्त्यांची जाड जाड पुस्तकं, जी बाहेर न्यायची नसतात, इथंच बसून वाचायची असतात, त्यांची राखण माझ्याकडे. आणि खाली मागच्या खोलीत संगणक विभाग. तिथं तासगावची एक बाई. तिच्या घरी द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड आहे, त्यामुळे तिच्या ड्रॉवरमध्ये माऊस कमी आणि बेदाणे जास्त असायचे. वयानं ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मला ती पहिल्या दिवसापासून भाभी म्हणते.

मेजर मला काहीच म्हणायचे नाहीत. कारण आमचं बोलणं बंद होतं. पाच वर्षं.

झालं होतं असं, की माझ्या विभागातलं पोलादी बांधकामाच्या तक्त्यांचं पुस्तक त्यांनी एका मुलीला घरी न्यायला दिलं. मला न विचारता. पुस्तक परत आलं ते पाठ उसवून, पानं लोंबत. मी खाली जाऊन दोन शब्द बोलले असते तर विषय संपला असता. पण मी तेव्हा नियमांची फार मोठी भक्त होते. मी प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली. मेजरांनी लेखी खुलासा दिला. एकच ओळ होती: ‘गरज होती म्हणून दिले.’ त्यावर मी लेखी विचारलं, कसली गरज? उत्तर आलं नाही. त्या दिवसापासून आमचा सगळा व्यवहार चिठ्ठ्यांवर आला, आणि चिठ्ठ्या नेण्या-आणण्याचं काम तासगावच्या बाईवर.

‘संदर्भ विभाग, आपल्याकडील विद्यार्थी जिन्यात चपला वाजवतात. दखल घ्यावी. – देवघेव विभाग.’

‘देवघेव विभाग, चपला आपल्याकडूनच वर येतात. – संदर्भ विभाग.’

अशा शेकड्यांनी चिठ्ठ्या झाल्या असतील. तासगावची बाई त्या वाचत वाचतच जिना चढायची. एकदा मला म्हणाली, “भाभी, तुमी दोघं थांबलासा तर माझं वजन वाढंल. ह्या जिन्यावरच माझा व्यायाम हाय.”

हे असंच निवृत्तीपर्यंत चाललं असतं. पण कॉलेजची तपासणी करायला एक समिती आली. आदल्या दिवशी आम्ही जाळी काढली, फुलदाण्या आणल्या, मेजरांनी मिशा कोरल्या. समिती अकरा वाजता ग्रंथालयात येणार होती. साडेदहाला एक पांढऱ्या केसांचे, खांद्याला कापडी पिशवी लावलेले गृहस्थ एकटेच आले आणि त्यांनी मेजरांकडे कोयनाकाठच्या मातीवरचा एक जुना प्रकल्प अहवाल मागितला.

मेजरांना वाटलं, कुणाचे तरी पालक असतील. त्यांनी चिठ्ठी लिहिली: ‘गृहस्थ अहवाल मागतात. पाहावे.’ तासगावची बाई त्या वेळी सभागृहात पडदा लावायला गेली होती, त्यामुळे चिठ्ठी त्या गृहस्थांच्याच हातात देऊन त्यांना वर पाठवलं. अहवालांची यादी संगणकावर असते, म्हणून मी त्याच चिठ्ठीच्या खाली लिहिलं: ‘यादी संगणक विभागात. गृहस्थांना योग्य ठिकाणी पाठवत जावे.’ ते खाली गेले. मागची खोली बंद दिसली म्हणून पुन्हा मेजरांकडे. मेजरांनी चिठ्ठी उलटी केली आणि लिहिलं: ‘योग्य ठिकाण कोणते, ते लेखी कळवावे.’ गृहस्थ पुन्हा वर.

पण या खेपेला ते माझ्यापर्यंत पोचलेच नाहीत. जिन्याच्या मधल्या पायरीवर बसले होते. मी डोकावले तर हातातली चिठ्ठी मन लावून वाचत होते.

“तुमचा पत्रव्यवहार फार वाचनीय आहे,” ते म्हणाले, “पण माझे गुडघे आता नोकरीत नाहीत हो.”

तेवढ्यात तासगावची बाई धापा टाकत जिन्याशी आली आणि माझ्या कानात म्हणाली, “भाभी, समितीतलं सर हायती ते.”

मी काय बोलले ते मला आठवत नाही. बहुतेक ‘या, बसा’ म्हणाले. ते बसलेलेच होते.

समितीचा अहवाल आला. बाकी कॉलेजबद्दल बरं लिहिलं होतं. ग्रंथालयाबद्दल एवढंच, की इथले कर्मचारी अत्यंत तत्परतेने लिहितात. खाली ती चिठ्ठी टाचलेली होती. दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून दोन झेरॉक्स.

प्राचार्यांनी आम्हा तिघांना बोलावलं. “तुम्ही दोघं पाच वर्षं एका इमारतीत बसून पत्र लिहिता?” त्यांनी विचारलं.

मेजर ताठ उभे होते. “लेखी असलं की बरं असतंय सर.”

“आता समोरासमोर बरं असेल. तीन काउंटर बंद. एकच काउंटर होईल, खालच्या हॉलमध्ये. तिघंही तिथंच बसाल. आणि प्रत्येकाला प्रत्येकाचं काम यायला हवं. मुलगा एकदा विचारेल आणि त्याला एकदाच उत्तर मिळेल.”

त्या दिवशी घरी जाऊन मी अब्बांसमोर रडायच्याच बेतात होते. अब्बांनी जन्मभर रहिमतपुरात पुस्तकबांधणीचं काम केलं. आता नजर कमी झाली तरी हात थांबत नाहीत. मी म्हटलं, “अब्बा, त्या माणसाशेजारी मी बसणार कशी?” ते दोऱ्याला मेण लावत होते. म्हणाले, “बेटी, पानांचे दोन गठ्ठे, दोन फर्मे, एकत्र शिवायचे तर आधी दोघांनाही भोकं पाडावी लागतात. थोडं दुखेल.” आणि मेण पुढं ओढायला मला दोऱ्याचं दुसरं टोक धरायला लावलं.

जानेवारीच्या सुट्टीत खालच्या हॉलमध्ये आमचं शिक्षण सुरू झालं. मेजर मला स्कॅनर शिकवणार, मी त्यांना संदर्भ शोधायला शिकवणार, आणि तासगावची बाई आम्हा दोघांना संगणक. मेजर माझ्यापासून हातभर अंतरावर बसायचे आणि तिला सांगायचे, “त्यांना म्हणावं, आधी कार्ड, मग पुस्तक.” ती माझ्याकडे वळायची, “आधी कार्ड, मग पुस्तक.” मी तिला सांगायची, “त्यांना विचार, पुस्तक आधी झालं तर?” ती तिकडे वळायची. दुसऱ्या दिवशी ती मान धरून आली. “माझी मान आकडली हाय,” ती म्हणाली, “आता दोघांनी सरळ भिंतीकडं बघून बोला. ऐकू येतंय दोघांस्नीबी.” मग आम्ही भिंतीकडे बघून बोलायला लागलो. तेवढी प्रगती झाली.

नवा काउंटर कराडच्या एका मिस्त्रींनी केला. अर्धचंद्राच्या आकाराचा, बारा फुटी, सागवानी पट्ट्या लावलेला. ते तीनदा येऊन हॉल मोजून गेले होते. कॉलेज सुरू व्हायच्या दिवशी सकाळी टेम्पोतून काउंटर आला, आठ माणसांनी उचलून पोर्चमध्ये आणला आणि दाराशी नेला.

तो आत जाईना.

आमचं दार चार फुटी, आणि आत लगेच उजवीकडे एक खांब. सरळ टेबल असतं तर गेलं असतं. अर्धचंद्राचं एक शिंग आत जायचं आणि दुसरं खांबाला अडायचं. आडवा करून पाहिला. उभा करून पाहिला, तर तो दाराच्या चौकटीपेक्षा उंच. एकदा तिरका करून निम्म्यापर्यंत गेला आणि तिथं असा बसला, की आतली चार माणसं आत आणि बाहेरची चार बाहेर अडकली. तो परत बाहेर काढायला अर्धा तास गेला.

मिस्त्री पायरीवर बसले. मेजर त्यांच्यासमोर उभे राहिले. “हॉल मोजला, दार मोजलं न्हाई?”

“दारातनं जायचा ह्यो इचारच आला न्हाई बगा डोक्यात. हॉलात ठेवायचा म्हणलासा, हॉल मोजला.” मिस्त्रींनी डोकं खाजवलं. “दोन तुकडं करावं लागत्याल.”

“कापायचा न्हाई,” मेजर म्हणाले.

“का?”

“एकत्र करायचा म्हणून केला. पहिल्याच दिवशी कापला तर लोक काय म्हनत्याल?”

मला ते इतकं पटलं, की मी भिंतीकडे न बघता मान हलवली. मेजरांनी पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं.

प्राचार्य त्या दिवशी संस्थेच्या बैठकीला साताऱ्याला गेले होते. मी फोन लावला. काउंटर आत जात नाही, हे सांगितलं. ते म्हणाले, “मुलं आली आहेत ना? मग जिथं आहे तिथं सुरू करा.”

तर आम्ही पोर्चमध्ये सुरू केलं. खिडकीतून वायर ओढली, संगणक ठेवले, खुर्च्या मांडल्या. मागे भिंतीवर छापून आणलेला फलक लावला: ‘एकत्रित सेवा कक्ष’. कक्ष कुठं आहे, असं पहिल्याच मुलानं विचारलं. तासगावच्या बाईनं आभाळाकडे बोट केलं.

अर्धचंद्राचा एक गुण आम्हाला बसल्यावर कळला. मधे ती बसली आणि दोन टोकांना आम्ही दोघं, तर मेजर आणि मी बरोबर समोरासमोर आलो. आता बघायला भिंतच नव्हती.

पहिलं पुस्तक प्राचार्यांच्या नावावर द्यायचं असं ठरलं होतं. शुभारंभ म्हणून. त्यांनी त्यासाठी स्वतःचं कार्ड ठेवलं होतं. मी शिकल्याप्रमाणे आधी कार्ड, मग पुस्तक असं केलं. टिंग वाजलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मुलांची रांग लागली आणि मी धडाधड पुस्तकं देत सुटले. कार्ड, पुस्तक, टिंग. कार्ड, पुस्तक, टिंग. मला इतकं सोपं वाटलं, की मी मनात म्हटलं, ह्याचा पाच वर्षं एवढा तोरा कशाला मिरवला ह्या माणसानं?

अडचण एकच होती. पोर्चमध्ये पूर्वेचं ऊन थेट माझ्या पडद्यावर पडत होतं आणि मला त्यात माझ्याच चष्म्याच्या प्रतिबिंबाशिवाय काही दिसत नव्हतं. पडद्यावरचं प्राचार्यांच्या खात्याचं पान बंदच झालं नव्हतं. मुलांची कार्डं यंत्र घेत नव्हतं, पुस्तकं मात्र घेत होतं.

साडेअकराला माझा फोन वाजला. प्राचार्य होते. आवाज एकदम हळू, बैठकीतून बाहेर आल्यासारखा.

“मॅडम, माझ्या फोनवर सकाळपासून संदेश येताहेत. मी सांडपाण्यावर एक पुस्तक घेतलंय, यंत्रांच्या कंपनावर दोन, मातीवर चार. एकूण एकोणीस. बरोबर?”

मी पडद्यावर पदर धरला तेव्हा मला दिसलं. “हो सर,” मी म्हटलं.

“त्यातली तीन नोकरीच्या मुलाखतीची तयारी कशी करावी यावर आहेत.”

“हो सर.”

“फोन टेबलावर होता. संस्थेचे अध्यक्ष माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, कुठं अर्ज केलाय?”

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. आणि मग पोटातून जे यायला लागलं, ते मला थांबवता येईना. आधी वाटलं, रडू आहे. मग कळलं, हसू आहे. समोर मेजर बसले होते, आणि दुसरं कुणी बघायला नव्हतंच, म्हणून मी त्यांनाच सांगायला लागले. “प्राचार्य… मुलाखत…” एवढंच तोंडातून निघे आणि पुन्हा सगळं सांडे.

मेजर उठून उभे राहिले. “काय झालं वं भाभी?”

पाच वर्षांनंतर थेट माझ्याकडे बघून बोललेलं ते पहिलं वाक्य. मी पडदा त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी चष्मा चढवला, वरून खालपर्यंत एकोणीस नावं वाचली, पुन्हा वरून वाचली, आणि मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. मेजर हसतात हे मला माहीतच नव्हतं. त्यांचं हसणं विहिरीवरचं जुनं इंजिन सुरू करावं तसं होतं, आधी दोन-तीन सुके झटके आणि मग एकदम सगळं शिवार दणाणावं. तासगावच्या बाईच्या तोंडात बेदाणे होते. ती खांबामागे पळाली. रांगेतल्या मुलांना काही कळलं नव्हतं, पण आम्हाला बघून तीही हसायला लागली, आणि ती हसतात म्हणून आम्ही आणखी.

मग मेजरांनीच मोर्चा सांभाळला. शुभारंभाचं एक सोडून बाकीच्या अठरा पुस्तकांची मुलं शोधून आणायला सांगितली, माझ्या बाजूला येऊन उभे राहिले आणि एकेकाचं नाव दुरुस्त करत मला दाखवत गेले. “पान बंद करायचं मी सांगितलंच न्हाई तुमास्नी,” ते म्हणाले. “चूक माझी हाय.” मी म्हटलं, “ऊन तुमचं नाही ना.” मुलाखतीवाली तीन मुलं सगळ्यात शेवटी आली. प्राचार्यांच्या नावावर आपलं पुस्तक होतं म्हणून ती फार खूश होती.

त्यानंतर तो दिवस कसा गेला ते नीट सांगता येणार नाही. पोर्च रस्त्याला लागून आहे. आत यायला जे बिचकायचे, ते सगळे थांबायला लागले. एका मुलीनं मेजरांना विचारलं, पुलांच्या कंपनावर काही आहे का. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर मेजरांनी कोरा कागद ओढला होता.

“पलटण पुलावरनं पाय मिळवून चालत न्हाई,” त्यांनी पुलाचं चित्र काढलं. “का सांग. समद्यांचा पाय एकदम पडला तर पूल झोके घ्यायला लागतो. म्हणून हुकूम देत्यात, पाय मोडून चाला. मी ह्या पायांनी चाललोय.”

मुलगी वही काढून लिहायला लागली. मी वर पळत जाऊन त्याच विषयावरची दोन पुस्तकं आणली आणि मेजरांच्या चित्राशेजारी पानं उघडून ठेवली. पुस्तकातलं चित्र आणि त्यांचं चित्र जवळजवळ सारखं होतं. असा माणूस पाच वर्षं माझ्या पायाखालच्या मजल्यावर बसून नुसते शिक्के मारत होता, आणि मी वर बसून पुलांवरच्या प्रश्नांना पुस्तकांचे क्रमांक सांगत होते.

दुपारी कॉलेजच्या बसचे ड्रायव्हर येऊन उभे राहिले. ते रोज ग्रंथालयासमोर मुलं उतरवतात, पण कधी आत आले नव्हते. “इथं काय मिळतं?” त्यांनी विचारलं.

“काय पायजे ते,” मेजर म्हणाले.

“माझी गाडी ब्रेक मारला की डावीकडं वढती.”

मी मोटारींच्या ब्रेकवरचं पुस्तक काढलं. तासगावच्या बाईनं संगणकावर चित्र शोधलं. रांगेतली यंत्र शाखेची चार मुलं पुढं सरसावली. पाच मिनिटांत बसभोवती वर्ग भरला. एक प्राध्यापक डबा खायला निघाले होते, ते डबा हातात घेऊन तिथंच शिकवायला लागले. मी पुस्तक धरून उभी, मेजर चाकाशी बसलेले. दोष सापडला तेव्हा ड्रायव्हर म्हणाले, “मला वाटायचं, हितं फक्त पुस्तकं हायती.”

आम्ही उशिरा जेवायला बसलो, पोर्चच्या पायरीवरच, तिघांचे डबे मध्ये ठेवून. मेजरांनी बराच वेळ भाकरी मोडली आणि मग म्हणाले, “ते तक्त्याचं पुस्तक.”

तासगावची बाई चावायची थांबली.

“त्या पोरीची आई सांगलीला दवाखान्यात हुती. पोरगी आईपाशी बसून अभ्यास करत हुती. परीक्षा तोंडावर. कुणाला सांगू नका म्हणाली, म्हणून खुलाशात लिहिलं न्हाई. पर तुमी ते पुस्तक रद्दीत टाकलं, त्याचा मला राग हुता. पाठच उसवली हुती. कामाचं हुतं ते.”

“रद्दीत कुठं टाकलं?” मी म्हटलं. “मी ते घरी नेलं. अब्बांनी बांधून दिलं. वर आहे, तिसऱ्या कपाटात, हिरव्या कापडात.”

मेजर जेवण तसंच ठेवून उठले. पाच वर्षांत ते वर कधी आलेच नव्हते, त्यामुळे त्यांना ते दिसायचा प्रश्नच नव्हता. परत आले ते पाच मिनिटांनी, हात मागं बांधून.

“शिवण लय पक्की हाय,” ते म्हणाले आणि माझ्या डब्यातला खिमा वाढून घेतला.

“ती पास झाली का?” मी विचारलं.

“व्हय. पुण्यात नोकरीला हाय. आईबी बरी हाय.”

मला लाज वाटली, आणि तरीही त्या दिवशीचं हसू पोटातून जाईना. दोन्ही एकदम होतं. तासगावची बाई म्हणाली, “म्हंजी मी पाच वर्स उगंच जिना चढले.” मग आम्ही तिला बेदाण्यांवर हात मारायची परवानगी मागितली, तर तिनं डबीच उपडी केली.

काउंटर तीन दिवस पोर्चमध्ये राहिला. चौथ्या दिवशी मेजरांनी तो आत न्यायची योजना प्राचार्यांसमोर मांडली. योजनेचा नकाशा होता. वाचन कक्षाच्या उत्तरेला एक मोठी खिडकी आहे, तिची चौकट मिस्त्रींनी काढायची, बाहेर फळ्यांचा उतार करायचा, प्रयोगशाळेतले लोखंडी पाइप खाली टाकून त्यावरून काउंटर सरकवायचा. प्राचार्यांनी नकाशा पाहिला. “खांब?”

“त्या बाजूला खांब न्हाई सर. बघून आलो. मोजून आलो. दोनदा.” त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी आकाशाकडे पाहिलं.

स्थापत्य शाखेच्या मुलांनी उताराचा हिशेब केला, तीन जणांचा तीन वेगळा आला, आणि शेवटी मेजरांच्या अंदाजानंच फळ्या लागल्या. ते खिडकीच्या आत उभे राहून हुकूम देत होते आणि बाहेर चाळीस-पन्नास मुलं ढकलत होती. ड्रायव्हर होते, कँटीनच्या मावशी होत्या. प्राचार्यांनी टाय खांद्यावर टाकला आणि तेही लागले. मी आणि तासगावची बाई मागचा पाइप उचलून पुढं द्यायच्या कामावर.

निम्मा काउंटर आत गेल्यावर मेजरांनी सगळ्यांना दम खायला थांबवलं. नेमकी तेव्हाच एक मुलगी बाहेरच्या टोकाशी आली. तिला पुस्तक परत करायचं होतं. तिला वाटलं, आता हे असंच असणार. तिनं पुस्तक खिडकीतल्या काउंटरवर ठेवलं. आतून मेजरांनी हात लांब करून ते ओढून घेतलं, पाहिलं, आणि गंभीरपणे म्हणाले, “जमा.” मुलगी निघून गेली. प्राचार्यांनी खिडकीला टेकून इतकं हसून घेतलं, की पुढचा हुकूम दोन मिनिटं कुणी ऐकलाच नाही.

काउंटर आत बसला. दारासमोर, खांबाच्या पलीकडे, मिस्त्रींनी मोजलेल्या जागी अगदी तंतोतंत. त्यांनी त्यावर फडकं मारलं आणि म्हणाले, “हॉलचं माप बरोबर हुतं का न्हाई?”

पण मुलांना पोर्चची चटक लागली होती. आठवड्याभरात त्यांनी अर्ज केला, की काउंटर बाहेरच बरा होता. तो पुन्हा बाहेर काढायचं कुणाच्या अंगात नव्हतं, म्हणून प्राचार्यांनी शनिवारी पोर्चमध्ये एक साधं टेबल ठेवायला परवानगी दिली. पाळीपाळीनं आमच्यातलं एक जण तिथं बसतं. शनिवारच्या टेबलावर पुस्तकांपेक्षा प्रश्नच जास्त येतात. मागच्या शनिवारी एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं कारखान्याचा रस्ता विचारला, आणि मेजरांनी त्याला रस्त्याबरोबर त्याच्या ट्रॉलीच्या आसावर काय वाचावं तेही सांगितलं.

मला आता स्कॅनर येतो. मेजर वरच्या मजल्यावर माझ्यापेक्षा जास्त वेळ असतात. त्यांना कोश उघडून बसायची गोडी लागली आहे आणि बोलता बोलता मला अवघड शब्द विचारतात. अब्बांना ते दोनदा भेटून आले. पहिल्यांदा एक फाटकं पुस्तक घेऊन आणि दुसऱ्यांदा शेतावरचा गूळ घेऊन. दोघं मिळून माझ्याबद्दल काय बोलतात ते मला कळत नाही, पण मी चहा घेऊन गेले की गप्प होतात.

सगळं सुरळीत आहे असं म्हणता येणार नाही. तिघांना आता एकच पंखा आहे. मेजरांना तो पाचवर लागतो, तासगावच्या बाईला एकवर, कारण तिचे कागद उडतात, आणि मला तो बंदच बरा, कारण तो किरकिरतो. त्यावरून रोज भांडण होतं, चांगलं तोंडी, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. आज तो तीनवर आहे.